विषयाची ओळ

प्रिय बेटा,

तू पाठवलेले दोन्ही फोटो काल रात्री पाहिले. एक वीटभट्टीच्या मजुरांसाठी लिहिलेल्या अर्जाचा आणि एक त्यांच्या झोपडीच्या भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांचा. रेघांचं शेवटी बोलतो, आधी अर्ज. चष्मा लावून, बोटांनी मोठा करून दोनदा वाचला. अक्षर सुरेख आहे, मजकूरही मुद्द्याला धरून आहे. पण विषयाच्या ओळीत तू लिहिलंस, 'थकीत मजुरी मिळण्याबाबत'. हा अर्ज देऊ नको. दिला असशील तर उद्या दुसरा दे.

मी तहसिलीत तेहतीस वर्षं काढली, शेवटची बारा अव्वल कारकून म्हणून. अर्ज कोणत्या टेबलावर जाणार हे विषयाची ओळ ठरवते. मजकूर वाचायला वेळ आहे कोणाला? आवक लिपिक विषय बघतो, 'मजुरी' दिसलं की शिक्का मारून कामगार अधिकाऱ्याकडे रवाना. तिथून मालकाला नोटीस, मग मालकाची मुदतवाढ, आणि तोवर मृग लागतो. पाऊस पडला की भट्टी बंद, झोपड्या उठल्या, माणसं छत्तीसगढला, जांजगीर-चांपाच्या गाडीत. फाइलवर शेरा पडतो, 'अर्जदार गैरहजर, प्रकरण दप्तरी दाखल'.

हे ऐकीव नाही, मी स्वतः केलेलं आहे. वीसेक वर्षं झाली असतील. मे महिन्यात एक पन्नाशीचा छत्तीसगढी माणूस टेबलासमोर येऊन उभा राहिला. अंगावर मातीचा थर, हातात कोणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज आणि सुतळीचं एक बंडल. सुतळीला गाठीच गाठी. एक गाठ म्हणजे एक हजार विटा. दिवाळीनंतर आल्यापासून त्यानं आणि त्याच्या बायकोनं थापलेल्या. त्याला वाचता येत नव्हतं, पण हिशेब चुकू द्यायचा नाही म्हणून ही सोय. मालकाच्या वहीत विटा बऱ्याच कमी होत्या. बाकीच्या म्हणे फुटीत गेल्या, अवकाळीत भिजल्या. त्यात दर हप्त्याची खर्ची वजा, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे वजा. शेवटी त्याच्याच अंगावर बाकी निघाली. आणि अर्जाच्या तिसऱ्या की चौथ्या ओळीत लिहिलं होतं की गावी आई वारली तेव्हा मालकानं जाऊ दिलं नाही, मोठ्या पोराला मागं ठेव मग जा म्हणाला.

ती ओळ मी वाचली होती, बेटा. तरीही विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'मजुरीबाबत तक्रार'. सुतळी त्यानं अर्जासोबत ठेवली होती. गाठी मी मोजल्या नाहीत, जेवणाची सुट्टी झाली होती. सहपत्रांच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि डबा उघडला.

आता तुझ्या भट्टीकडे येऊ. नऊ कुटुंबं, जोडीमागे चाळीस हजार उचल, मालकाकडं ठेवलेले आधारकार्ड. आणि तू लिहिलंस की बाजाराच्या दिवशी घरातलं एक माणूस भट्टीवरच थांबवून घेतात. ही शेवटची गोष्ट तू जाता जाता लिहिलीस, पण सगळा अर्ज तिच्यावर उभा कर. ज्याला बायकापोरांसह मंगळवारच्या बाजाराला जाता येत नाही, त्याची अडचण नुसती मजुरीची नाही. विषय लिही, 'वेठबिगारीतून मुक्तता व मुक्ती प्रमाणपत्र मिळण्याबाबत'. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे कर, प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना. एवढा एक शब्द बदलला की टेबल बदलतं, अधिकारी बदलतो, चौकशीची घाई बदलते.

कायदा १९७६ चा आहे. वेठबिगारीपोटीचं कर्ज त्यानं रद्द केलं, फेडायची जबाबदारीच संपवली. त्यातलं कलम १५ पाठ करून ठेव. मजूर म्हणाला की हे कर्ज वेठबिगारीचं आहे, तर ते तसं नाही हे सावकारानं सिद्ध करायचं. नायब तहसीलदार तुला विचारतील, 'पुरावा काय?' तेव्हा आवाज न चढवता हे कलम पुढे कर. संविधानाचं कलम २३ तर आहेच, आणि ते सरकारइतकंच खासगी मालकालाही लागू आहे. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हेसुद्धा सक्तीचंच काम. पोटाच्या मारानं माणूस वाकला तर तीही सक्तीच. पुढच्याच वर्षी फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात आणखी पुढे गेलं. माणूस जबरदस्तीनं राबतोय एवढं दिसलं की तो उचलीपोटीच राबतोय असं धरून चालायचं. आणि ते प्रकरण न्यायालयात गेलं होतं एका पत्रावरून. म्हणून तर तुझ्या अर्जाच्या एकेका शब्दावर मी एवढा अडून बसलोय.

एक दुरुस्ती. तू स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा लिहिलास. तो आता नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत गेले, त्यात हाही गेला. वेठबिगारीचा ७६ चा कायदा मात्र जागेवर आहे. जुना कायदा लिहिलास तर मालकाचा वकील तेवढ्यावरच अर्धा तास हसत बसेल.

भट्टीवाल्याला राक्षस समजू नको. माझ्या मावसभावाची भट्टी होती, मी त्याच्या ओट्यावर चहा प्यायलो आहे. मुकादम त्याच्याकडून लाखांत उचल घेऊन एकदा पळून गेला होता. तेव्हापासून मजुरांचे कार्ड ठेवून घ्यायला लागला. 'आपले पैसे बुडाले त कोनाले पुसाव, भाऊ?' असं विचारायचा. प्रश्न खोटा नव्हता. पण मुकादमानं बुडवलेल्या पैशापोटी मजुराच्या पोराला ठेवून घेता येत नाही, एवढं त्याला मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. नातं.

दुसरी गोष्ट तुझ्या पत्रात मला खटकली. 'हे लोक आपले नागरिक आहेत म्हणून' असं तू दोनदा लिहिलंस. आहेतच. पण वाक्य काढून टाक. संविधान उघडून बघ, कलम १४, २१ आणि २३ मध्ये नागरिक हा शब्द नाही. तिथं व्यक्ती आहे, माणूस आहे. कार्ड मालकाच्या पेटीत असलं, नाव यादीत नसलं, भाषा वेगळी असली, तरी हे हक्क जात नाहीत. आधी कागद दाखव मग तक्रार घेतो, असं ठाण्यात कोणी म्हणालं तर तुझ्याजवळ उत्तर आहे. फिरायचं, राहायचं, धंदा करायचं स्वातंत्र्य कलम १९ मध्ये आहे, ते मात्र नागरिकांना. कुठं कोणतं कलम लावायचं ते ओळखून लाव, सगळी एकदम फेकू नको.

कलम १९ वरून आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या एका गावात ग्रामसभेनं ठराव घेतला, 'बाहेरील विशिष्ट समाजाच्या फेरीवाल्यांना गावात प्रवेशबंदी'. कारण काय, तर कोणाची तरी शेळी चोरीला गेली होती. मोटारसायकलवर चादरी विकणारा एक मुसलमान माणूस पंधरा वर्षं त्या गावात येत होता. निम्म्या गावाच्या गाद्यांवर त्याच्याच चादरी, त्याही उधारीच्या. तो शिवेवरून परत गेला. मी तिथं जाऊन भाषण दिलं असतं तर मलाही परत लावलं असतं. मी ग्रामसेवकाच्या शेजारी बसलो आणि विचारलं, 'साहेब, हा ठराव कोणत्या कलमाखाली लिवला? खाली सही तुमची हाय.' तो गप्प. मग सांगितलं की ग्रामपंचायत ही संविधानाच्या भाषेत 'राज्य'च आहे, धर्मावरून भेद करणारा ठराव तिला घेताच येत नाही, आणि उद्या चौकशी लागली तर ज्यांनी हात वर केले त्यांना नाही, ज्यानं लिहिलं त्याला बोलावतील. पुढच्या सभेत तो ठराव 'सर्व फेरीवाल्यांनी ग्रामपंचायतीत नोंद करावी' असा झाला. पूर्ण विजय नाही हा. चादरीवाला आला पण महिन्यातून एकदाच, आणि उधारी बंद केली त्यानं. तो का बंद करणार नाही?

त्याच गावची पंचवीसेक माणसं दरसाल फेब्रुवारीत तेलंगणात मिरची तोडायला जातात, खम्मम-वरंगलकडे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या किती तरी गावांचं हेच आहे. धान निघालं की घरी काम नाही, मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला बायांना थोडं मिळतं, बाकी तिकडेच. २०२० च्या टाळेबंदीत ती माणसं रानवाटांनी पायी परत आली, तेव्हा गावानं शिवेवर बाभळीचे काटे टाकले होते. आपल्याच लेकरांसाठी. शाळेत चौदा दिवस ठेवली. ठरावाच्या वेळी हे कोणालाच आठवलं नाही, मीही आठवण दिली नाही. त्या दिवशी ग्रामसेवकाची सही पुरेशी होती. लोकांना लाजवून ठराव मागं घेता येतो, पण ती लाज ते पुढच्या वेळी दुसऱ्याच कोणावर तरी काढतात, असं माझं मत आहे. तुला पटेलच असं नाही.

पारधी बेड्यावर, त्यांच्या वस्तीवर, गेली होतीस म्हणालीस. तिथं शब्द असतो 'सराईत'. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्याच्या डोक्यातून गेलेला नाही. चोरी कुठंही होवो, गाडी बेड्याकडे वळते. माणूस उचलला की तू वेळ लिही. किती वाजता, कोणत्या गाडीत, कोणासमोर. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं हे कलम २२ आहे, आणि चोवीस तास कधी सुरू झाले हे फक्त तुझ्या वहीत असतं, ठाण्याच्या नोंदीत ते उशिराच सुरू होतात. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नको. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि वेठबिगारीचे बळी यांना १९८७ च्या कायद्यानं वकील फुकट आहे, उत्पन्नाचा दाखला न मागता. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती बसते. फोन १५१००.

भट्टीवरच्या पोरांचं लवकर कर. दाखला नाही म्हणून गुरुजी परत लावत असतील तर शिक्षण हक्क कायद्यात दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. लहानग्यांची नावं अंगणवाडीत, गरोदर बाई असेल तर आशाताईंना आजच सांग. रेशन छत्तीसगढच्या कार्डावर इथंही मिळतं, एक देश एक रेशनकार्ड त्यासाठीच आहे. दुकानदार 'मशीन घेत नाही' म्हणेल. समोर उभी राहा, मशीन घेतं.

आता जरा काळजीचं. भट्टीवर एकटी जाऊ नको, संध्याकाळनंतर तर मुळीच नको. मजुरांचे चेहरे स्टेटसला टाकू नको. तुला शाबासकी मिळेल आणि त्यांना मार. आणि अर्ज देण्याआधी त्यांना विचार की त्यांना काय हवं आहे. हे मी तुझ्या वयात कधी विचारलं नसतं. काहींना आज निघायचं असेल, काहींना हिशेब पूर्ण करून मेअखेर निघायचं असेल. एखादीला पोरीच्या लग्नासाठी पुढच्या सालीही इथंच यायचं असेल. सुटका झाली आणि हातात ना मजुरी, ना गाडीभाडं, ना प्रमाणपत्र, तर माणसं बसस्टँडवर दोन रात्री काढतात आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मुकादमाची उचल घेतात. म्हणून मुक्ती प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय कोणाला गाडीत बसू देऊ नको. पुनर्वसनाची रक्कम त्या कागदावर मिळते. जबाब प्रत्येकाचा वेगळा घ्यायला लाव, बाईचा जबाब नवऱ्याच्या जबाबात गुंडाळू देऊ नको. विटा तिनंही थापल्या आहेत, वहीत मात्र जोडी म्हणून एकच नाव असतं. जबाब घेताना मालक समोर खुर्ची टाकून बसला असेल तर थांबवायला सांग.

सोमवारी उपविभागीय कार्यालयात गर्दी असते, बुधवारी जा. दोन प्रती ने, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नको. आवक लिपिक जेवायला उठत असेल तर बसून राहा.

आणि त्या रेघा. ती बाई रोज रात्री भिंतीवर कोळशानं ओढते म्हणालीस, दर हजाराला एक. तो फोटो स्वच्छ छापून घे, भिंतीजवळ तिलाच उभं करून तिच्याकडून रेघा मोजून घे, आकडा तिच्या अंगठ्यासह कागदावर आण. अर्जाच्या खाली लिही, सहपत्र क्रमांक १. लिपिकानं रजिस्टरच्या त्या रकान्यात काय लिहिलं ते वाकून स्वतः वाच.

तुझा,
काकाजी