जादूच्या प्रयोगात तलवारी, सुऱ्या, बंदूक वापरतात तेव्हा कुणाला लागत कसं नाही?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी मित्रांबरोबर जादूचे छोटे प्रयोग करता. यंदा मुलीला पेटीत बसवून तलवारी आरपार घालायच्या, डोळ्यांवर पट्टी बांधून सुऱ्या फेकायच्या आणि जमलं तर बंदुकीची गोळी झेलायची, असा बेत आहे. तलवारी खऱ्या असतात का आणि दुखापत कशी टाळतात, हा तुमचा प्रश्न.

मी पाच वर्षं त्या पेटीत बसले आहे. माझ्या मामांचा जादूचा फिरता कार्यक्रम होता. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या जत्रा, उरूस, शाळांची गॅदरिंग असं आम्ही फिरायचो. त्यामुळे तलवार बाहेरून कशी दिसते यापेक्षा ती आत कशी येते, हे मला जास्त ठाऊक आहे.

बेताबद्दल आधी सांगते. पेटी करा. सुऱ्या माणसाच्या दिशेने फेकू नका, पट्टी बांधून तर अजिबात नाही. बंदुकीचा विचार डोक्यातून काढून टाका. का ते पुढे लिहिते.

पेटी आतून काळी रंगवलेली असते. झाकण पडलं की पॉलिशचा वास, स्वतःच्या घामाचा वास आणि खाचांमधून येणारे उजेडाचे बारीक पट्टे, एवढंच उरतं. तलवार आली की त्यातला एक पट्टा विझतो. मग पत्रा घासल्यासारखा आवाज होतो, थंड टोक वीतभर आत येतं आणि थांबतं. ते थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. मी टोक चिमटीत धरून समोरच्या खाचेच्या तोंडाशी न्यायचे आणि पेटीच्या फळीवर बोटाने टकटक करायचे. मगच ते सरसर पुढे जायचं. बाहेर बायका 'आई गं' म्हणायच्या, कारण मामा खांद्यापासून जोर लावल्यासारखं करत. मनगटात जोर नसायचाच.

मुलगी आत नेमकी कशी बसते ते मी इथे लिहिणार नाही. पेटी बनवून देणारा ते शिकवतो आणि ते त्याच्याकडूनच शिकायला हवं. तलवारींबद्दल मात्र मोकळेपणाने सांगते.

आमच्या तलवारी पोलादाच्याच होत्या, आपटल्या की खणखणीत वाजायच्या. धार नव्हती. कडा कानशीने घासून गोल केलेल्या, टोक चमच्याच्या टोकासारखं. नवीन लोक चुकतात ते इथेच. धार नको म्हणून पातळ पत्र्याचं हलकं पातं घेतात. पातळ पातं आत गेल्यावर वाकतं आणि वाकलं की टोक कुठे जाईल ते ढकलणाऱ्याला कळत नाही. पातं बोथट हवं, पण ताठ हवं. मुठीच्या अलीकडे एक कडं बसवून घ्या, म्हणजे ठरल्यापेक्षा बोटभरही जास्त आत जाणार नाही. प्रत्येक खाचेला आतून लाकडी पन्हळ असावी, म्हणजे पातं ठरलेल्या कोनातच येतं. बाजारातल्या तयार पेट्यांना ही पन्हळ बऱ्याचदा नसते. सुताराकडून बसवून घ्या, फार खर्च येत नाही.

धार असलेली तलवार रंगमंचावर आणूच नका. काही जादूगार आधी एका खऱ्या तलवारीने भोपळा कापून दाखवतात आणि मग बोथट घेतात. मामाही सुरुवातीला करायचे, नंतर त्यांनी ते कायमचं बंद केलं. सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू एका जागी ठेवल्या की त्या कधी ना कधी बदलतात. २००८ च्या डिसेंबरमध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये एका नटाने नाटकातल्या आत्महत्येच्या प्रसंगात स्वतःच्या गळ्यावर सुरी ओढली आणि खरोखर रक्त आलं. बोथट सुरीच्या जागी धार असलेली सुरी आली होती. लोकांना तो अभिनयच वाटला. नट वाचला. कुणाचा वाईट हेतू नव्हता, नवी सुरी बोथट करायची राहून गेली होती.

आता माझं स्वतःचं सांगते. एका जत्रेत प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला म्हणून आयोजकांनी 'दहा मिनिटांत आटपा' सांगितलं. आमचा नेहमीचा मदतनीस तापाने आजारी होता, त्या दिवशी गावातला एक मुलगा तलवारी हातात द्यायला उभा होता. त्याने बिचाऱ्याने त्या स्टँडवर लहान-मोठ्या अशा छान लावून ठेवल्या. आमचा क्रम लांबीचा नव्हता. तिसऱ्याच्या जागी पाचवी आली. पाचवीची खाच तिरकी आहे आणि चौथी जाईपर्यंत माझा दंड तिथेच असतो. तेव्हा आमची पद्धत उलटी होती: मी गप्प म्हणजे सगळं ठीक, टकटक केली म्हणजे थांबा. मी दोनदा टकटक केली, जोरात केली. बाहेर बँड वाजत होता. टोक बोथट होतं म्हणून कातडं फाटून तीन टाक्यांवर भागलं. धारेचं असतं तर हे उत्तर कुणी दुसऱ्याने लिहिलं असतं.

त्या रात्री टेम्पोत बसून मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्यापासून तू वाजवलंस तरच तलवार पुढे जाईल. नाही वाजलं तर मी तिथेच उभा." मला वाटतं, माझ्या पाच वर्षांत आम्ही शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. आता बँड वाजला, मला चक्कर आली, माझा हात अडकला, मामांना ऐकू आलं नाही, काहीही बिघडलं तरी तलवार थांबते. प्रयोग फसेल, लोक हसतील, पण आतल्या माणसाला लागणार नाही.

तुमच्या तिन्ही कल्पना याच कसोटीवर लावून बघा. चूक झाली तर काय होतं? पेटीत, ही पद्धत असेल तर, प्रयोग थांबतो. फेकलेली सुरी चुकली तर ती थांबत नाही. आणि सुरी फळीवर आपटून परतही येते. गणपतीच्या मांडवात पहिल्या रांगेतली पोरं स्टेजला चिकटून जमिनीवर बसलेली असतात, तेव्हा फळीपुढे माणूस नसला तरी फेकू नका. रंगमंचावर जादूगार डोळे बांधून सुऱ्या 'फेकतात', त्यातल्या पुष्कळ सुऱ्या फेकलेल्याच नसतात. त्या फळीच्या मागून बाहेर येतात आणि जादूगाराच्या हातातली हातातच लपते. ते करायचं असेल तर तशी फळी घ्या. खरी फेक ही वेगळी विद्या आहे. कोल्हापूरच्या आखाड्यांत मर्दानी खेळात तळहातावरचं लिंबू दांडपट्ट्याने कापतात, तिथे जादू नाही, वर्षानुवर्षांचा रियाज आणि वस्तादाची नजर आहे. आपण चार आठवड्यांची तालीम करून तिकडे जाऊ नये.

त्याच कारणाने कपाखाली खिळा ठेवून हात आपटायचा प्रयोगही नको. चार कपांपैकी एकाखाली उभा खिळा असतो आणि जादूगार बाकीचे कप हाताने चिरडतो. २०१६ मध्ये पोलंडमध्ये टीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात तसाच खेळ कागदी पिशव्यांनी चालू होता. जादूगाराने निवेदिकेचा हात पिशवीवर दाबला आणि खिळा तिच्या तळहातात घुसला. विसर पडला तर इथे अडवायला काहीच नाही.

बंदुकीचं थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही 'जमलं तर' म्हटलंय आणि मला काळजी वाटली. १९१८ साली लंडनमध्ये चुंग लिंग सू नावाने गाजलेला जादूगार होता. मुळात तो अमेरिकन, विल्यम रॉबिन्सन. पण रंगमंचावर चिनी म्हणून वावरायचा आणि प्रेक्षकांसमोर इंग्रजीचा एक शब्द बोलायचा नाही. बंदुकीतून सुटलेल्या गोळ्या तो चिनी मातीच्या बशीत झेलून दाखवायचा. बंदुका ठासणीच्या. बारूद आणि गोळी सर्वांसमोर नळीत ठासली जायची. बंदूक मात्र आतून बदललेली होती: चाप ओढला की ठिणगी नळीकडे न जाता खाली, गज (बारूद ठासायची सळई) ठेवायच्या नळकांड्यात जायची. तिथे नुसती बारूद भरलेली असे. आवाज आणि धूर तिचा, खरा बार नळीत तसाच राहायचा. खेळ संपला की तो बार उडवून मोकळा न करता बंदुकीचा मागचा भाग खोलून बारूद आणि गोळी बाहेर काढायचा. अनेक वर्षं असं खोलून-बसवून आटे झिजले आणि बारीक बारूद फटीतून झिरपून साचत गेली. २३ मार्चच्या रात्री वुड ग्रीन एम्पायर थिएटरमध्ये ठिणगी त्या वाटेने खऱ्या बारापर्यंत पोचली. गोळी छातीत गेली. तो कोसळताना इंग्रजीत म्हणाला, काहीतरी झालंय, पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

हे वाचलं तेव्हा मला माझी पेटी आठवली. त्याची योजनाही आमच्या जुन्या पद्धतीसारखीच होती. सगळं नीट चाललं तरच माणूस वाचणार, आणि आत काय झिजतंय ते बाहेरून कुणाला दिसत नव्हतं.

'मग ब्लँक काडतूस वापरू' असं कुणी मित्र सुचवेल. ब्लँकमध्ये गोळी नसते, बारूद असते. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने शूटिंगच्या मधल्या वेळात ब्लँक भरलेलं पिस्तूल कानशिलाला लावून सहज चाप ओढला. त्या झटक्याने कवटीचा तुकडा मेंदूत गेला आणि काही दिवसांनी त्याला मृत घोषित केलं. तेव्हा बंदूक नको म्हणजे नको, आवाजापुरतीसुद्धा नको.

भीती हत्यारामुळे निर्माण होते असं तुम्हाला वाटत असेल, तर जादूगार थोरल्या पी. सी. सरकारांचा प्रसंग सांगते. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीवर त्यांनी दीप्ती डे या सहकारी मुलीला फिरत्या करवतीने कापल्याचा प्रयोग केला. करवत थांबली, त्यांनी तिचे हात चोळले, हाक मारली, ती हलली नाही. त्यांनी मान हलवली आणि तिचा चेहरा कापडाने झाकला. तेवढ्यात निवेदक पुढे आला, शुभरात्री म्हणाला आणि कार्यक्रम संपला. मुलगी मेली या समजुतीने लोकांनी इतके फोन केले की बीबीसीच्या लाइनी तुंबल्या. मुलगी धडधाकट होती. लोक घाबरले ते तिच्या न उठण्याने. तुमच्या बोथट तलवारींनीही मांडव श्वास रोखून धरेल. पाचवी तलवार घालण्याआधी थांबा आणि पेटीकडे बघा, एवढंच करा.

तालमीबद्दल. पहिला आठवडा झाकण उघडं ठेवून, तलवारींऐवजी वेताच्या काठ्यांनी. नंतर झाकण उघडं आणि तलवारी. मुलगी स्वतः म्हणेल तेव्हाच झाकण बंद. केसांचा घट्ट अंबाडा आणि वर टोपी. ओढणी, बांगड्या, कानातलं काही नको. मुठींना वेगवेगळ्या रंगांचे गोंडे आणि त्याच रंगाचा ठिपका खाचेवर, म्हणजे नवखा मदतनीसही चुकणार नाही. तलवारी आत जाताना संगीत बंद. झाकणाचं कुलूप दिखाऊ असावं, आतून हाताने ढकललं की उघडलं पाहिजे. विंगेत एक माणूस फक्त पेटीकडे बघायला ठेवा आणि कुणालाही न विचारता पडदा पाडायची मुभा त्याला द्या. आयोजक 'लवकर आटपा' म्हणाले तर पेटीचा प्रयोगच गाळा, घाईत उरकू नका.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. सणाच्या दिवसांत अनेक ठिकाणी पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश असतात, आणि तलवार दिसली की शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हे दाखल होतात. तुमची तलवार बोथट आहे हे स्कूटरवर मागे बसलेल्या मित्राच्या हातात बघून कुणाला कळणार? मंडळाच्या लेटरहेडवर पत्र करून आधीच पोलीस ठाण्यात तलवारी दाखवून या, आणि ने-आण बंद पेटीतून करा.

तुमच्या प्रश्नात पेटीत बसणाऱ्या मुलीबद्दल काहीच नाही. तिचं वय काय, तिला बंद जागेची भीती वाटते का, तिला विचारलंय का? लहान मुलीला बसवू नका. गप्प कधी राहायचं आणि थांबवायचं कधी हे स्वतः ठरवू शकेल अशी हवी. सुताराकडे पेटीचं माप द्यायला जाल तेव्हा तिला बरोबर घेऊन जा. टकटक कशी करायची तेही तिलाच ठरवू द्या.