सदका म्हणजे खैरात नव्हे

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "मोमिनपुऱ्यात एका दुकानात गल्ल्याशेजारी 'सदका' लिहिलेला डबा दिसला. सदका म्हणजे जकातच का? मराठीत खैरात म्हटलं तर चालेल?"

जकात नाही. आणि खैरात तर मुळीच म्हणू नका.

जकात फर्ज आहे, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेली. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीची शिल्लक चांद्र वर्षभर टिकली, की तिचा चाळिसावा भाग द्यावाच लागतो. सदका ऐच्छिक, त्याला ना रक्कम ठरलेली, ना दिवस. (कुराणात मात्र जकात कोणाला द्यायची ते सांगणाऱ्या आयतीतही 'सदकात' हाच शब्द आहे.) अरबीत 'जकात'मध्ये शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत, मराठीत आली ती थेट नाक्यावर जाऊन बसली. माझ्या पिढीला तर जकात म्हटलं की खोळंबलेले ट्रकच आठवतात.

खैरातीचे हाल त्याहून वाईट. 'खैर' म्हणजे भलं, 'खैरात' म्हणजे भली कामं. आपण मात्र 'मार्कांची खैरात' म्हणतो, लायकी न बघता केलेल्या उधळणीला. त्या दुकानदाराला "हा खैरातीचा डबा का?" असं विचारून बघा म्हणजे कळेल. नको, विचारूच नका.

सदक्याच्या मुळाशी खरेपणा आहे. 'सिद्दीकी' आडनावही त्याच धातूतलं. देणं पैशाचंच हवं असंही नाही. वाटेतला काटा बाजूला करणं, हसून भेटणं, हाही हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांनुसार, सदकाच. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, हेही तिथे आहे. आपलं 'या हाताचं त्या हाताला' आठवावं असं.

आमच्या शेजारच्या खालांचा नातू तापातून उठला, तेव्हा त्यांनी दहाची नोट त्याच्या डोक्यावरून तीनदा फिरवली आणि दारावरच्या फकिराला दिली. "सदका उतार दिया," त्या म्हणाल्या. माझी आई तिथेच होती. म्हणाली, "म्हणजे ओवाळून टाकलं न बाप्पा!" नोट फिरवणं हा इकडचा रिवाज, धर्मात सांगितलंय ते देणं. पण या एका वापरापुरता आईचा शब्द चपखल.

एरवी 'सदका'च लिहा, हवं तर पहिल्यांदा 'ऐच्छिक दान' अशी फोड करा. 'धक्का'सारखा चालवायचा: सदका दिला, सदक्याचा डबा, सदक्यात टाकले.