मॉडेल रेल्वेचे नवे डबे जाहीर झालेत. आत्ताच बुक करावेत की दुकानात येईपर्यंत थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बेळगावात राहता, एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या भागाएवढी, रेल्वे जमवायला नुकती सुरुवात केलीय. एका विक्रेत्याने भारतीय रेल्वेच्या एलएचबी (जर्मन पद्धतीच्या नव्या) डब्यांचं नवं मॉडेल जाहीर केलंय आणि वर्षअखेरीला येईल म्हणतोय. आत्ता पैसे भरून नंबर लावावा, की माल दुकानात आल्यावर बघून घ्यावं?

तो डबा तुमच्या रुळावर धावणाऱ्या गाडीला खरोखर लागणार असेल तर बुक करा, पण साच्यातून निघालेल्या पहिल्या नगाचा फोटो बघितल्यावर. नुसतं नवीन निघालंय म्हणून हात शिवशिवत असतील तर थांबा. या दोन वाक्यांमागे बरंच काही आहे, ते सांगतो.

मी उद्यमबागेत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, काम करतो. आमच्याकडे रेल्वेचे डबे बनत नाहीत, पण मोल्ड (साचा) कसा बनतो आणि कुठे अडतो हे रोज डोळ्यांसमोर असतं. त्यामुळे ‘वर्षअखेर’ हा शब्द वाचला की मी आधी बघतो, काम कुठल्या टप्प्यावर आहे. जाहीर करताना जे चित्र दाखवतात ते बहुतेक वेळा संगणकावरचं डिझाइन असतं. फार तर थ्रीडी प्रिंट. स्टीलला तोपर्यंत कटर लागलेलाही नसतो.

आता डब्याची बॉडी डोळ्यांसमोर आणा. खऱ्या एलएचबी डब्याची बॉडी २३.५४ मीटर, ८७ ने भागली की २७ सेंटीमीटर. खालून उघडी, भिंती जेमतेम मिलिमीटरभर जाड. दोन्ही बाजूंना खिडक्या, दारं, पायऱ्या, म्हणून मोल्ड नुसता वर-खाली उघडून भागत नाही, बाजूंनी सरकणारे स्लाइड लागतात. वर एबीएस प्लास्टिक थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. २७ सेंटीमीटरला ते मिलिमीटरच्या पुढे जातं. हे धरूनच स्टील कापतात, पण छप्पर आणि बाजू एका वेगाने थंड होत नाहीत, आणि पहिल्या ट्रायलला लांब बॉडी केळ्यासारखी वाकून बाहेर येऊ शकते. मग पाण्याचे मार्ग बदला, दाब बदला, वेळ बदला, परत ट्रायल. कधी मोल्डच उघडून पुन्हा स्पार्कवर, म्हणजे ठिणगीने स्टील कोरणाऱ्या मशिनवर, न्यावा लागतो. यात आठवडे जातात आणि ते जायलाच हवेत. घाई केलेला मोल्ड पुढे प्रत्येक नगात तीच खोट देतो.

म्हणून रंग न दिलेला, करडा किंवा काळा पहिला नग फोटोत दिसला की समजावं, काम खरंच पुढे गेलंय. हा फोटो मोठा करून बघा. डब्याची खालची कड एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ आहे का? दारांच्या आणि खिडक्यांच्या कडेला पातळ फ्लॅश, म्हणजे फटीतून बाहेर आलेलं जादा प्लास्टिक, सुटलाय का? खिडकीची काच भिंतीच्या पातळीत बसते की आत खोल गेल्यासारखी दिसते? एलएचबीच्या खिडक्या मोठ्या आणि बाहेरच्या पत्र्याशी जवळजवळ सपाट असतात. काच आत गेली की मॉडेल लगेच खेळण्यासारखं वाटायला लागतं, रंग कितीही चांगला असो.

त्यानंतर रंगवलेला नमुना येतो, आणि इथे आपल्यासारख्यांची नजर उपयोगी पडते. डब्याचा नंबर वाचा. २०१८ पर्यंतच्या भारतीय डब्यांच्या पाच आकडी नंबरात पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात आणि शेवटचे तीन डब्याचा प्रकार: २०१ ते ४०० स्लीपर, १०१ ते १५० थ्री टियर एसी, ५१ ते १०० टू टियर एसी. स्लीपरवर एलडब्ल्यूएससीएन आणि थ्री टियर एसीवर एलडब्ल्यूएसीसीएन अशी अक्षरं असतात. नमुन्यावर स्लीपरची अक्षरं आणि अशा पाच आकडी नंबराच्या शेवटी ११२ असेल तर विक्रेत्याला लगेच लिहा. छपाईचे पॅड बनायच्या आधी कळवलं तर अशी चूक सुधारता येते. तसंच बफर बघा. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याच्या पद्धतीच्या) डब्यांना दोन्ही टोकांना धक्का झेलणारे गोल बफर आणि स्क्रू कपलिंग, एलएचबीला मधोमध सेंटर बफर कपलर, म्हणजे जोडणी आणि बफर एकातच. एलएचबी म्हणून विकलेल्या मॉडेलला बाजूचे बफर लावलेले दिसले तर ते घाईचं काम समजा.

आता ‘आपल्या रुळावर लागणारा’ म्हणजे काय, याबद्दल. माझ्या मते या छंदातला खरा निर्णय हाच. आपल्या भागात निवडायला भरपूर आहे. नव्वदीच्या दशकापर्यंत मिरज–लोंढा मीटर गेज होतं. त्यानंतरचा ब्रॉडगेज, डिझेलचा, निळ्या आयसीएफ डब्यांचा काळ. आणि आता वरून तारा, लाल-करडे एलएचबी, सप्टेंबर २०२४ पासून पुणे–हुबळी वंदे भारत. हे तीन वेगळे लेआउट, म्हणजे टेबलावरच्या रेल्वेच्या मांडण्या, आहेत. तुम्ही दुसरा काळ करत असाल तर नवे एलएचबी डबे कितीही सुंदर असले तरी त्यांची जागा कपाटात. आयसीएफ पद्धतीचा शेवटचा डबा पेरांबूरच्या कारखान्यातून २०१८ मध्ये बाहेर पडला, त्यामुळे निळे आणि लाल डबे शेजारी-शेजारी उभे राहण्याचाही मोठा काळ मिळतो. पण तो ठरवून घ्या आणि मग बुकिंगकडे वळा.

ठरवायचं कसं, तर स्टेशनवर जाऊन. टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटला उभं राहा, किंवा एखादा रविवार लोंढ्याला घालवा. वही घ्या आणि डब्यांचा क्रम उतरवा: जनरल कुठे, एसी कुठे, जनरेटर व्हॅन कुठल्या टोकाला. राणी चेन्नम्मा असो वा गोवा एक्सप्रेस, हा क्रम कळला की विक्रेत्याच्या यादीतले कुठले डबे दोन लागतील आणि कुठला एकही लागणार नाही, ते आपोआप दिसतं. मला स्वतःला लोंढ्याची ओढ मालगाड्यांमुळे आहे. गोव्याकडून कोळसा घेऊन येणारा बॉक्सएन (वरून उघड्या) वॅगनचा रेक, म्हणजे अख्खी गाडी, कुळे ते कॅसलरॉक हा ३७ ला १ चा चढ मागे बँकर इंजिनं लावून चढतो. त्या वॅगनची जवळून बघितलेली बाजू विसरता येत नाही: मूळ तपकिरी रंगावर कोळशाची काळी भुकटी, दाराच्या बिजागरीखाली गंजाचे ओघळ, आणि लोखंडाच्या खनिजाला लावलेली वॅगन असेल तर कोपऱ्यात अडकलेली लाल माती. बॉक्सएनचं मॉडेल साडेबारा सेंटीमीटरच्या आतच असतं, दहा-बारा वॅगनांचा रेक दीड मीटरच्या आत बसतो. हुबळी शेडच्या डब्ल्यूडीजी-४ या डिझेल इंजिनाच्या मागे असा रेक लावला की घाटाची आठवण येते. असं काही जाहीर झालं तर मी फारसा विचार करत बसत नाही.

कारण भारतीय रेल्वेची मॉडेल्स लहान बॅचमध्ये निघतात. युरोपात हॉर्नबी किंवा मॅर्कलिन एखादं लोकप्रिय इंजिन वर्षानुवर्षं नव्या नंबराने, नव्या रंगात परत काढतात; आज हुकलं तरी पुढे मिळतं. आपल्याकडे मोल्डचा खर्च वसूल व्हायला गिऱ्हाईक कमी, म्हणून किती बुकिंग आलं यावर किती नग काढायचे ते ठरतं. उरलेला माल शेल्फवर पडून राहील ही शक्यता कमी. त्यामुळे भारतीय असेल आणि आपल्या गाडीचं असेल तर बुकिंग, परदेशी असेल तर वाट बघणं, असा माझा ढोबळ हिशोब.

परदेशातून मागवायचा विचार असेल तर सीमाशुल्क आधी बघा. छोट्या प्रतिकृती खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, आणि खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. वैयक्तिक पार्सलचे दर वेगळे असतात आणि बदलत राहतात, तेव्हा ऑर्डर करायच्या दिवशीचा नियम वाचून घ्या. ब्रिटिश दुकानं बाहेर पाठवताना त्यांचा २० टक्के व्हॅट वगळतात, तेवढा दिलासा.

पैशांबद्दल: पूर्ण रक्कम आगाऊ भरू नका. थोडी नोंदणी रक्कम, बाकी माल पाठवताना, आणि रद्द केल्यास काय परत मिळेल ते लेखी. विक्रेता प्रामाणिक असला तरी काळ सांगून येत नाही. इंग्लंडातलं हॅटन्स हे १९४६ पासूनचं नावाजलेलं दुकान, तेही बंद होत असल्याचं २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालं. बुकिंगचा ईमेल आणि पैशांची पावती एका फोल्डरमध्ये ठेवा.

आणि एक प्रश्न विक्रेत्याला बुकिंगआधी विचाराच: डब्याची लांबी किती? बॉडी पूर्ण मापाची २७ सेंटीमीटर, कपलरसकट साडेसत्तावीस. की वळणं सोपी जावीत म्हणून आखूड केलीय? पूर्ण लांबीची असेल तर तुमचे रूळ तपासा. सेटबरोबर मिळणारी वळणं बहुधा ४३८ मिलिमीटर त्रिज्येची किंवा त्याहून लहान असतात. छंदातला सर्वसाधारण अंदाज असा की वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान दुप्पट हवी, आणि बघायला छान दिसावं तर तिप्पट. दुप्पट म्हटलं तरी ५५ सेंटीमीटर झाले. ४३८ वर हे डबे कदाचित धावतील, पण टोकं रुळाबाहेर इतकी झुकतील की शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतील. डबे यायला उशीर होणारच आहे, तो वेळ वळणं मोठी करायला वापरा. पावसाळ्यात खानापूर-बेळगावकडे हवा किती दमट असते ते तुम्हाला माहीतच आहे. नवे रूळ घ्याल तर स्टीलचे नकोत, निकेल सिल्व्हरचे घ्या, गंजत नाहीत.

जागा कमी असेल तर वंदे भारतच्या मॉडेलकडे लक्ष ठेवा. पुणे–हुबळीची गाडी आठ डब्यांची. एचओत ती सगळी मिळून सव्वादोन मीटरच्या आत येते. बावीस एलएचबी डब्यांच्या एक्सप्रेसला नुसत्या डब्यांसाठी सहा मीटर लागतात, आणि घरात तेवढा सरळ रूळ क्वचितच मिळतो. म्हणजे आपल्या स्टेशनवरून जाणारी, एकही डबा न गाळता टेबलावर मावणारी ही गाडी आहे. मात्र तिचे डबे सुटे घेण्यात अर्थ नाही, दोन्ही टोकांना चालकाच्या केबिनचे डबे हवेतच. सेट पूर्ण मिळणार असेल तरच बुक करा.

एचओ माप धावताना कसं दिसतं हे अजून बघितलं नसेल तर पुण्याला गेल्यावर कोथरूडचं जोशी रेल्वे संग्रहालय बघून या. १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे, आणि आपल्या टेबलावर किती गाडी शोभेल याचा अंदाज तिथे डोळ्यांनी येतो.

तुमच्या टेबलाची लांबी-रुंदी आणि सध्याच्या वळणांची त्रिज्या इथे खाली लिहिलीत तर किती डबे बुक करावेत ते मी सांगू शकेन. विक्रेत्याने नमुन्याचा फोटो टाकला असेल तर तोही लावा, खालची कड सरळ आहे का ते बघतो.