कुत्र्याच्या अंथरुणात तांदळासारखे कण सापडतात, पण शीचा रिपोर्ट ‘निल’ आला. मग जंत आहेत की नाहीत?

आहेत. शेपटीखालच्या केसांना चिकटलेले, ताजे असताना हळूहळू हलणारे आणि वाळल्यावर पिवळट पडणारे कण म्हणजे टेपवर्मचे, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचे, तुटलेले तुकडे. असं दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे. रिपोर्ट निल कसा येतो ते सांगतो. शीचा थोडासा भाग मिठाच्या दाट पाण्यात कालवतात आणि वर तरंगणारी अंडी मायक्रोस्कोपखाली शोधतात. गोल जंत, हूकवर्म यांची अंडी आतड्यातच सुटी होऊन शीत मिसळतात, म्हणून ती सापडतात. टेपवर्मची अंडी मात्र त्या तुकड्याच्या आतच बंद असतात आणि तुकडेही रोज पडत नाहीत. तुम्ही नेलेल्या नमुन्यात तुकडा नव्हता, एवढाच त्या रिपोर्टचा अर्थ.

म्हणून पुढच्या वेळी शी नको, तो कणच न्या. छोट्या बाटलीत थोडं पाणी घालून त्यात टाका. वाळलेला असला तरी भिजून फुगतो. डॉक्टर तो दोन काचांमध्ये दाबून बघतील. काकडीच्या बीसारखा लांबट, दोन्ही कडांना एकेक छिद्र आणि आत अंड्यांच्या पिशव्या, तर तो पिसवांमधून आलेला डिपिलिडियम जातीचा टेपवर्म. चौकोनी आणि एकाच कडेला छिद्र असेल तर टीनिया ही दुसरी जात, म्हणजे कुत्र्याने कच्चं मांस किंवा आतडी-काळीज खाल्लंय.

तुमचा कुत्रा घरात भाकरी-दुधावर आहे आणि सारखा खाजवतो, असं लिहिलंय. म्हणजे पिसवाच. खाजवताना चावून पिसू गिळली जाते आणि तिच्यातून जंताचं पिल्लू पोटात जातं. बूड घासणं मात्र मी पुरावा धरत नाही, ते बहुतेकदा गुदग्रंथी भरल्यामुळे असतं.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. आमच्या भागात ठेलारी धनगरांच्या वाड्यांवर मेंढ्या आणि कुत्री एकत्र असतात. मेंढरू कापलं की पाण्याच्या गाठी असलेलं काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकलं जातं. त्यातून होणारा एकायनोकॉकस हा टेपवर्म अख्खा मिळून एक सेंटिमीटरही नसतो. त्याचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंडी टीनियाच्या अंड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे साध्या तपासणीत ओळखच पटत नाही. त्यासाठी शीमधल्या प्रतिजनाची (जंताच्या अंशांची) किंवा पीसीआर (जंताचा डीएनए शोधणारी) चाचणी लागते, ती गावात कुठली मिळणार? अशा कुत्र्याला मी काही दिसण्याची वाट न बघता नियमित औषध देतो, कारण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. तुमच्याकडे कोणी मटणाच्या दुकानातली आतडी आणून घालत असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

औषधाचं म्हणाल तर मेडिकलमधून आणलेली, मुलांना देतात ती अल्बेंडाझोलची गोळी डिपिलिडियमवर भरवशाची नाही. कुत्र्यात डोस जास्त झाला तर रक्तपेशीही कमी होतात. प्राझिक्वांटेल लागतं, साधारण किलोमागे ५ मिलिग्रॅम, वजन करूनच. गोळी दिल्यावर जंत बाहेर पडताना दिसला नाही तर घाबरू नका. तो आतड्यातच विरघळून जातो.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा कण दिसू लागले, तर औषधाला नावं ठेवण्याआधी अंथरुण बघा. पिसवांची अंडी आणि अळ्या कुत्र्याच्या अंगापेक्षा गोधडीत, ओट्याच्या फटीत आणि गोठ्यातल्या धुळीत जास्त असतात. गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका आणि गोळीच्याच दिवशी डॉक्टरांकडून पिसवांचं औषधही घ्या. घरात मांजर असेल तर तिलाही, पण तिच्यासाठी वेगळं मागून घ्या. कुत्र्याच्या काही औषधांमधलं परमेथ्रिन मांजराला विषारी असतं.