जुना बंगला विकण्याआधी बागेवर पैसे घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये ३,००० चौरस फुटांच्या प्लॉटवर १९९० च्या दशकातला बंगला आहे, बागेत रान माजलंय. एजंट म्हणतो, साडेतीन लाख घालून लॉन, कारंजं आणि गॅझेबो (बागेतला छपराचा मंडप) करा, दहा-बारा लाख जास्त येतील. येतील का?

माझ्या मते नाही येणार. चाळीस-पन्नास हजारांत साफसफाई, ओल, फरशी आणि फाटक एवढं करून घ्या, बाकीचे पैसे खिशात राहू द्या.

आधी घेणारा कोण आहे ते बघा. शहरातला तीसेक वर्षांचा बंगला घेणारे बरेचजण जमिनीचे पैसे देतात. एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) किती शिल्लक आहे, रस्ता किती फुटी आहे, हा त्यांचा हिशेब. बंगला पाडायचाच असेल तर तुमचं कारंजं राडारोड्यात जाणार. कर्ज काढून राहायला येणारा घेतला तरी बँकेचा व्हॅल्युअर जमिनीचा दर धरतो, बांधकामाची किंमत घसारा (वयामुळे झालेली घट) वजा करून लावतो. फुलझाडांना त्यात रकाना नसतो. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी दरपत्रकातही नसतो. म्हणजे बागेमुळे कोणी जास्त द्यायला तयार झालाच, तर तो फरक त्याला कर्जातून मिळेलच असं नाही, पदरचा घालावा लागेल.

गॅझेबो तर उलटा अंगाशी येऊ शकतो. तो बहुतेक वेळा सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि कुंपण यांमध्ये नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत (साइड मार्जिनमध्ये) उभा राहतो. मंजूर नकाशात नसलेलं छप्पर दिसलं की बँकेचा माणूस अहवालात लिहितो आणि मग ‘काढून द्या’ किंवा ‘भाव कमी करा’ सुरू होतं. आधीपासून मागे पत्र्याची शेड असेल तर ती आताच उतरवा.

खर्चाला अर्थ आहे तो भिंतीलगतच्या मातीत. वर्षानुवर्षं खत-माती टाकून वाफे चढत जातात आणि माती जोत्याच्या वर येते. मग ओल थेट विटांत शिरते, आतल्या खोलीत खाली दोन-तीन फुटांपर्यंत लोणा (पांढरट क्षार) येतो, रंग पोपडे धरतो. घर बघायला आलेला माणूस गुलाब विसरतो, तो डाग विसरत नाही. वाफे भिंतीपासून निदान दोन फूट मागे घ्या, माती जोत्याच्या पातळीखाली किमान सहा इंच उतरवा आणि भिंतीपासून बाहेर चार फुटांना एक इंच असा उतार काढा. छताच्या पाइपाचं पाणी तिथेच पडत असेल तर ते पुढे न्या. मग आतला लोणा खरवडून भिंत तीन-चार आठवडे उघडी वाळू द्या. घाईने पुट्टी-रंग मारला तर व्यवहार होईपर्यंत पुन्हा फुगतो, आणि लपवाछपवी केली असा संशय वेगळाच.

भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर वरून छाटून उपयोग नाही, तो परत फुटतो. सांधा उकरून मूळ काढायचं आणि एकास चार सिमेंट-वाळूने भरायचं. मोठी झाडं मात्र स्वतःच्या आवारात असली तरी मनाने तोडू नका. १९७५ चा महाराष्ट्र झाडांचे संरक्षण कायदा नागरी भागात खासगी जागेलाही लागू आहे. तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि झाडाला इजा होईल अशी छाटणीही त्यात येते. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात करा. घेणाऱ्यासाठी ‘झाड काढून देतो’ असं तोंडी कबूल करून बसू नका.

पेव्हर ब्लॉक खचले असतील तर बहुधा खालची काळी माती हे कारण. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नुसते उचलून पुन्हा बसवले तर एक पावसाळाही टिकत नाहीत. सहा ते आठ इंच खोदून मुरूम भरा, पाणी मारून धुमसा, वर इंचभर कच (दगडाचा बारीक चुरा), मग ब्लॉक. गाडी जाते तिथे ८० मिमीचे, चालायला ६० मिमीचे. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात.

लॉनचा मोह फार असतो, म्हणून गणित देतो. ५०० चौरस फुटांवर चार इंच लाल माती म्हणजे जवळपास पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तयार गादी अंथरली तरी मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो. उन्हाळ्यात रोज ५ मिमी पाणी धरलं तर सुमारे २३० लिटर. शिवाय खाली लव्हाळ्याच्या गाठी राहिल्या असतील तर काही आठवड्यांत तो गादी फोडून वर येतो, आणि हिरव्या गादीत त्याची टोकदार पाती लांबूनही दिसतात. त्यापेक्षा आहे ती हरळी कापून कडा सरळ करा. फोटो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढा, तेव्हा निसर्ग फुकटात काम करतो.

फाटकाचा गंज घासून रेड ऑक्साइडचा एक आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. दाराशी सात-आठ चांगल्या कुंड्या पुरे.

लोणावळा, मुळशी, कर्जतकडच्या सेकंड होमची गोष्ट वेगळी. तिथे माणूस मोकळ्या जागेसाठीच येतो. फळाला आलेली कलमं, चालू ठिबक आणि उन्हाळ्यात टिकणारं बोअरचं पाणी यांवर भाव खरोखर बोलता येतो. तरी तिथेही आहे ते नीट चालतंय हे दाखवा, नवं काही उभारू नका.

बिलं जपा. कंपाउंड वॉल, बोअर अशा टिकाऊ कामाचा खर्च भांडवली नफा काढताना सुधारणा म्हणून दाखवता येतो. माळ्याचा पगार आणि छाटणी नाही. घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं आणि तुम्ही निवासी भारतीय असाल, तर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) १२.५ टक्के आणि इंडेक्सेशनसह २० टक्के यांत कमी कर कशात ते सीएकडून काढून घ्या.

आणि झोपाळा, कुंड्या, पाण्याची मोटार यांतलं काय सोबत नेणार आणि काय ठेवणार हे विसारपावतीतच लिहा. ताबा देताना भांडणं याच वस्तूंवरून होतात.