पुरस्कार-सोहळ्याआधी स्कोअरबुक तपासा

अमेरिकेतल्या गावच्या बेसबॉल लीगचा वार्षिक सोहळा पहिल्यांदाच तुमच्याकडे आलाय ना? मग हॉल आणि जेवणाआधी स्कोअरबुक हातात घ्या. पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) पुरस्कारात हमखास चूक होते ती इथे: 6.1 इनिंग म्हणजे सहा पूर्णांक एक तृतीयांश, दशांश नव्हे. 2 अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर धरलेल्या धावा) गुणिले 9, भागिले 6.333 केलं की ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे अर्न्ड रनची सरासरी, 2.84 येतो, 6.1 ने भागलं तर 2.95. एवढ्या फरकाने पुरस्कार भलत्याच्याच हातात जातो.

लीगच्या हॉल ऑफ फेमला, म्हणजे मानाच्या खेळाडूंच्या यादीला, कूपरस्टाउनच्या राष्ट्रीय बेसबॉल हॉल ऑफ फेमसारखी 75 टक्के मतांची अट ठेवा. कोणीच पात्र ठरलं नाही, तर ते वर्ष रिकामं जाऊ द्या, अट सैल करू नका. पाटी कोरायला देण्याआधी नावाचं स्पेलिंग घरच्यांकडून लेखी घ्या. दिवंगत खेळाडूच्या कुटुंबाला पुढचं टेबल द्या. मान त्यांचा पहिला.