‘मिसेस’च्या स्पेलिंगमध्ये ‘आर’ कुठून आला? उच्चारात तर तो नाही!

तो ‘मिस्ट्रेस’मधला आहे. ‘एमआरएस’ हे त्याच शब्दाचं लघुरूप. रोजच्या बोलण्यात ‘मिस्ट्रेस’ झिजून ‘मिसेस’ झालं, लिहिताना मात्र जुनाच ‘आर’ राहिला. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ घरची मालकीण, चार नोकरांवर हुकूम चालवणारी बाई. म्हणूनच अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये खानदानी घरातली मुख्य हाउसकीपर अविवाहित असली तरी ‘मिसेस’च म्हणवली जाई. जुन्या कागदपत्रांत ‘मिसेस’ दिसलं की नवरा शोधत बसू नका. वंशावळ काढणारे इथेच फसतात. लग्नाशी घट्ट नातं नंतरचं.

‘मिस’सुद्धा ‘मिस्ट्रेस’चाच तुकडा. सतराव्या शतकात तो लहान मुलींसाठी होता, आणि गंमत म्हणजे ठेवलेल्या बाईलाही ‘मिस’ म्हणत.

‘मिझ’ (एमएस) तसं जुनंच: 1901 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या एका वृत्तपत्राने ते सुचवलं होतं, बाई विवाहित की अविवाहित हे ठाऊक नसताना वापरायला. रुळलं मात्र 1970 नंतर. न्यूयॉर्क टाइम्सने तर ते स्वीकारायला 1986 पर्यंत ताणून धरलं. आज इंग्रजी ईमेलमध्ये समोरच्या बाईंची पसंती माहीत नसेल तर हेच लिहा. अमेरिकन पद्धतीत पुढे टिंब देतात, ब्रिटिश पद्धतीत सहसा नाही.